धोंडाबाईचा वीर

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

दोन पानं. जास्त नको, फोटोला जागा लागेल! चहा फुंकत फुंकत एवढं सांगून किशोर गेला. किशोर माझा चुलतभाऊ. इथे शहरात द्वारका चौकात ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान, गावाकडे मळा, आणि आता डोक्यात कमान. कळवणच्या पुढे, आमच्या गावात शिरतानाच सिमेंटची कमान उभी राहतेय — 'वीर बहिरूबाबा देवरे प्रवेशद्वार'. धुळवडीला उद्घाटन. त्या दिवशी वाटायला एक पुस्तिका, आणि तिच्यातलं बहिरूबाबांचं चरित्र मी लिहायचं. "ताई, तुझं मराठी चांगलं हे. आणि रिटायर झाल्यापासून तुला काम तरी काय हे?"

काम काय आहे! तीस वर्षं एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसले. कोणती गाडी गेली, कोणती येणारच नाही, हे लोकांना तोंडावर सांगितलं. चरित्रही तसंच लिहीन.

बहिरूबाबा माझे खापरपणजोबा. घरात सांगतात ते असं — दुष्काळाच्या साली रानात गुरं राखताना वाघ आला. बाबांनी कुऱ्हाडीने त्याला अडवलं. गुरं घरी आली, बाबा आले नाहीत. म्हणून ते वीर. देवघरात त्यांचा चांदीचा टाक आहे, घोड्यावर बसलेला, हातात तलवार. शेतकऱ्याला घोडा कुठला नि तलवार कुठली! पण सोनाराकडे सगळ्या वीरांना साचा एकच. दर धुळवडीला घरातला कर्ता पुरुष हा टाक हातात धरून हलगीवर नाचत नदीला नेतो, अंघोळ झाली की परत आणतो. आपल्याकडे घरोघर असे वीर आहेत. आमचा जरा जास्त मानाचा, कारण वाघ.

५ फेब्रुवारी

'बहिरूबाबा शूर होते.' एवढंच लिहून झालं. पुढे काही माहीतच नाही. दीडशे वर्षं माणसाला नाचवतोय आणि त्याची एक गोष्ट धड सांगता येत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

गावी जाऊन आले. अक्काबाई — किशोरची आई, माझी चुलती, सत्त्याऐंशी वर्षांची — ओट्यावर लसूण सोलत होती. विचारलं, काकू, बहिरूबाबा दिसायला कसे होते?

"मी बघाया गेल्ते का?"

बरं, काम काय करायचे? तर म्हणाली, "काय करणार. नांगर, मोट, बाजरी, हरबरा. दुसरं काय व्हतं तवा." मग मी धोंडाबाईचं विचारलं. धोंडाबाई म्हणजे बहिरूबाबांची बायको. नदीकडच्या शेताला अजून सगळे 'धोंडीचं वावर' म्हणतात, आणि पुस्तिकेच्या कच्च्या कागदात तिचं नावसुद्धा नाही.

"तिचं काय असायचं? नवरा वीर झाला. तिनं शेत केलं, बुधाला वाढवलं. एकच बैल व्हता, पण तिच्याशी सावड कराया लोक पुढं यायचे. आपला बैल तिच्या बैलाशेजारी जुपायचे. वीराची बायको ना."

"म्हणजे सगळं एकटीने?"

"मग काय वाघानं केलं?"

चौकटीत ललिता उभी होती, किशोरची बायको. ती पदर तोंडाला लावून आत गेली. किशोर म्हणाला, "ताई, बाईचं कशाला लांबवते, बाबांचं लिही." त्या क्षणी ठरवलं, बाईचंच लिहायचं. मला 'कशाला' म्हटलं की माझं असं होतं. दादा, माझे वडील, हयात असते तर म्हणाले असते, उज्वलाला नको म्हणू नका, ती मुद्दाम करेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये तीन तास. तिथल्या मोहिनी नावाच्या मुलीने जुना दप्तराचा गठ्ठा काढून दिला, धूळ झटकून, हसत. मोडी वाचणारे एक म्हातारे मास्तर बुधवारी येतात, ते भेटले. नशीब!

कागद सन १८७८ चा. 'खातेदार बहिरू बिन चंदर मयत. अज्ञान पुत्र बुधा, त्याची पालक आई धोंडाबाई.' खाली सही — निशाणी बांगडी. लिहिता न येणाऱ्या बाया सहीला बांगडी काढायच्या, मास्तरांनी सांगितलं. शेतकरी पुरुष नांगर काढायचे. वेडावाकडा वर्तुळाचा प्रयत्न, शाई एका बाजूला जाड झालेली. मी त्याच्यावर बोट ठेवलं तर मास्तर म्हणाले, "हात नका लावू, फाटेल."

सोबत पोलीस पाटलाचा जबाब. तो इथे जसाच्या तसा उतरवून ठेवते —

'इसम बहिरू यास वाघाने नेले असे त्याची बायको सांगते. प्रेत मिळाले नाही. पागोटे व घोंगडी करवंदीच्या जाळीवर मिळाली. रक्त नाही.'

असे त्याची बायको सांगते!

१३ फेब्रुवारी

रक्त नाही. दिवसभर तेच डोक्यात. वाघाने माणूस नेला आणि घोंगडी जाळीवर वाळत घातली की काय?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नीट लिहिते.

रामकुंडावर गेले होते. तिथल्या उपाध्यांकडे गावागावांच्या वह्या असतात. आपल्या घराण्यातलं कोणीही गंगेवर आलं की नाव, बापाचं नाव, बायका-मुलं, गाव, सगळं उतरवून घेतात, पिढ्यान् पिढ्या. दादांचे विधी केले तेव्हा आमचीही नावं घातली होती. मला एवढंच हवं होतं की बहिरूबाबांच्या बापाबद्दल, चंदरबद्दल, दोन ओळी मिळाव्यात. चरित्राला सुरुवात तरी होईल.

गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, लाल कापडातून लांबोडकी वही काढली, आणि पाचव्या मिनिटाला त्यांचं बोट थांबलं. "हे पाहा. बहिरू बिन चंदर. स्वतः आलेले दिसतात."

मी म्हटलं साल वाचा.

"शके अठराशे अकरा."

म्हणजे १८८९. वाघाने नेल्यानंतर अकरा वर्षांनी! मी म्हटलं, दुसरा कोणी बहिरू असेल. गुरुजींनी चष्मा वर केला आणि सगळंच वाचून दाखवलं. 'मूळ गाव' आमचंच. 'हल्ली वस्ती विंचूर. धंदा शेती, बटाईने. स्त्रिया दोन, धोंडाबाई व सरुबाई. धोंडाबाईचा पुत्र बुधा. सरुबाईचे पुत्र दोन. सरुबाईसह गंगास्नानास आले.' खाली नांगर काढलेला. फाळ, हाळीस, रुमणं, सगळं नीट. नांगर हाकणाऱ्यानेच काढलाय.

विंचूर! गाडीवाटेने दोन दिवस. वाघाच्या पोटात नव्हता, विंचूरला होता.

गुरुजी म्हणाले, "ताई, पाणी देऊ का?" मी घाटाच्या पायरीवर बसले आणि हसले. खूप हसले. मग रडले थोडी, का ते माहीत नाही.

१९ फेब्रुवारी

माहीत आहे. उगाच कशाला स्वतःशी खोटं लिहायचं.

दिनेश गेला त्याला एकवीस वर्षं झाली. वाघ नाही, पूर नाही. शर्ट-पँट बॅगेत भरून गेला. मी विचारणाऱ्याला सरळ सांगत होते — गेला. येणार नाही. खिडकीतली सवय! दोन महिन्यांत दिरांनी मला घराबाहेर काढलं. नवराच नाही तर तुझं इथं काय, म्हणाले. मी खरं सांगितलं आणि माझं घर गेलं. धोंडाबाईने खोटं सांगितलं आणि तिचं शेत राहिलं.

मी दिनेशचा टाक केला असता तर सोनाराने त्याला कशावर बसवलं असतं? स्कूटरवर?

२३ फेब्रुवारी, रविवार

किशोरच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले, मग दोन्ही कागद काउंटरवर ठेवले. वहीचा फोटो, जबाबाची नक्कल. त्याने वाचलं, परत वाचलं, मग शटरकडे पाहिलं.

"कोणाला दाखवलं?"

"तुलाच."

"मग इथंच थांबव. ताई, कमानीवर नाव कोरून झालं हे. वाघ बसवून झाला. पाहुणे बोलावले."

"वाघ राहू दे. वाघाने काही केलेलं नाही, बिचाऱ्याने. फक्त पुस्तिकेत खरं लिहू. तो गेला, ती राहिली. तिने घर उभं केलं. आपण सगळे तिच्यामुळे आहोत, किशोर. तू या दुकानात उभा आहेस तो त्या वावरामुळे."

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"मूठ धोंडाबाईची आहे. तुझी नाही."

मग तो चिडला. वीराचं घराणं म्हणून गावात आपल्याला पहिला मान, तो तू पळपुट्याचं घराणं करणार का, लोक काय म्हणतील, मुलांची लग्नं व्हायचीत. शेवटी म्हणाला, "तुझ्या घरात जे झालं ते आमच्या बाबांवर कशाला काढते?"

मी कागद उचलले आणि आले. रिक्षात आठवलं काय उत्तर द्यायला हवं होतं. नेहमीसारखं.

२६ फेब्रुवारी

पुस्तिका दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून घेतली म्हणे. छान. मी माझी लिहिते.

२ मार्च, रविवार

लिहिलं. एक पान, पाठपोट. इथे कच्चं ठेवते.

बहिरू बिन चंदर हा वाईट माणूस होता असं मला वाटत नाही. तीस एकर, पाच एकर, किती का असेना, नदीकडचं वावर त्याचं होतं. सूर्य उगवायच्या आत मोट, मग औत, मग पुन्हा मोट. दुष्काळाच्या साली विहिरीने तळ दाखवला, दोन बैलांतला एक बसला तो उठला नाही. बायको, चार वर्षांचं पोर. आणि कुठेतरी सरुबाई. माणूस जातो तेव्हा का जातो हे कुठल्याही जबाबात लिहिलेलं नसतं. गेला, आणि विंचूरला दुसऱ्याच्या शेतात बटाईने राबला. म्हणजे कष्टाला घाबरून गेला नव्हता. उपाध्यापुढे बसल्यावर त्याने धोंडाबाईचं नाव पहिलं सांगितलं, बुधाचंही सांगितलं. गंगेवर खोटं बोलवलं नाही त्याला.

पण ती? तिच्यापुढे काय होतं? पळून गेलेल्याच्या बायकोशी कोण सावड करतो? एका बैलावर नांगर चालत नाही. भाऊबंद म्हणाले असते, माहेरी जा, शेत आम्ही बघतो. किंवा धाकट्या दिराशी पाट लाव. शेत गेलं असतं, बुधा चुलत्याच्या घरी वाढला असता, शेणगोठा करत. मग ती उठली. नवऱ्याचं जुनं पागोटं आणि घोंगडी घेऊन रानात गेली, करवंदीच्या जाळीवर टाकली, आणि गावात येऊन हंबरडा फोडला. कुंकू पुसलं. बांगड्या फोडल्या. जिवंत नवऱ्याच्या नावाने! हे आपल्यात केवढं पाप मानतात. तिने केलं. सोनाराकडून टाक केला आणि पहिल्या धुळवडीला गावच्या हातात दिला — घ्या, नाचवा.

वीराच्या बायकोचं शेत कोण लाटणार? वीराच्या बायकोला बैल नाही कोण म्हणणार?

शूर होतं ते कोण, हे आता वाचणाऱ्याने ठरवावं. हे शेवटचं वाक्य. मला ते आवडलं. ठेवते.

६ मार्च

दोनशे प्रती. 'धोंडाबाईची हकिकत'. छापणारा म्हणाला, "मॅडम, निवडणूक आहे का?" म्हटलं, होय, दीडशे वर्षं रखडलेली.

१३ मार्च, होळी

पिशवी भरून ठेवली आहे. भीती वाटत नाही. वाटते थोडी. किशोरचे तीन फोन आले, घेतले नाहीत.

१४ मार्च, धुळवड

काय झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर राग आधी येईल.

कमानीचं उद्घाटन झालं. वाघ चांगला गुबगुबीत झालाय, दूध प्यायलेल्या मांजरासारखा. मग वीर निघाले. हलगी, गुलाल, किशोर फेटा बांधून, टाक ताटलीत धरून नाचत. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण नाचतो मात्र मनापासून. मी मुद्दाम लिहितेय, नाचताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो खरंच मानतो.

नदीवर टाक बायकांकडे दिला अंघोळीला. पुरुष पुन्हा हलगीपाशी. मी ठरवलं होतं, हीच वेळ. सगळं गाव जमलेलं. पिशवीतून गठ्ठा काढला तर अक्काबाई समोर. काठी टेकत कधी आली कळलं नाही.

"काय आणलं? वाच."

मी वाचलं. पहिल्या चार ओळी, मग पूर्ण पान. ती ऐकत होती, डोळे मिटून. मला वाटलं, आता रडेल, किंवा शिव्या देईल.

"किती हायेत हे?"

"दोनशे."

"अजून कुठं ठेवले?"

"नाही. एवढेच."

तिने पिशवी माझ्या हातातून घेतली, दगडावर ठेवली, आणि तिच्यावर बसली. "आता उठव मला."

सत्त्याऐंशी वर्षांच्या चुलतीला ढकलायचं कसं? मी विनवलं. भांडले. काकू, ती तुमच्याच घरची सून होती, तुमच्याहून जास्त तिच्यासाठी कोण बोलणार! ती नदीकडे बघत राहिली. मग मी सरळ हलगीपाशी गेले आणि ओरडले — धोंडाबाईचंही नाव घ्या! घ्या एकदा! हलगीवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने ठोका दिला आणि म्हणाला, "बोला, धोंडाबाई माता की जय!" सगळ्यांनी जय म्हटलं आणि पुन्हा नाचायला लागले. झालं. एवढंच.

नदीत टाक धुणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. ललितासुद्धा. मला हसत होत्या. बाईचं नाव काढलं तर बायकाच हसतात, मग पुरुषांना काय बोलायचं?

शेवटच्या एसटीने परत. खिडकीत मान टेकून आले, कोणाशी बोलले नाही.

१५ मार्च

पुन्हा छापणार. चारशे! या वेळी गावात नाही वाटणार, कळवणच्या बाजारात वाटेन. अक्काबाई किती ठिकाणी बसेल?

१७ मार्च

छापखान्यात मजकूर परत दिला. गुरुवारी मिळेल.

१९ मार्च, रंगपंचमी

दुपारी ललिताचा फोन. एरवी कधी करत नाही. शेतातून बोलत होती, वारा लागत होता. कागद जपून ठेवलेत म्हणाली, तिच्या पेटीत. "वाचले मी, ताई. लय चांगलं लिहिलंय. पण पुन्हा छापू नका."

म्हटलं, तूही किशोरचीच बाजू घे.

"त्यांना कुठं खरं वाटतंय! तुमचं डोकं फिरलं म्हणतात. ताई, आम्हाला ठाऊक आहे. सगळ्यांना. लग्नानंतरच्या पहिल्या धुळवडीला सासू नव्या सुनेला नदीत घेऊन बसते. हातात टाक देते, चिंच आणि राख देते, आणि कानात सांगते. हा वीर नाय, हा पळाला. पागोटं आपल्या धोंडाबाईनं टाकलं. बाप्यांना बोलायचं नाय. घास जोरात."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लेकींना सांगत नाहीत, कारण लेकी दुसऱ्याच्या घरी जातात. सासूबाई म्हणाल्या, उज्वलेनं स्वतः शोधलं, आता तिला सांग. पण छापलंत तर बाप्ये वीर बंद करतील. मग आम्ही घासायचं कुणाला?"

मी विचारलं, माझी आईसुद्धा?

"तुमच्या आई तर सगळ्यांत जोरात घासायच्या म्हणे. आणि तुमचे मिस्टर गेले त्या वर्षी, सासूबाई सांगतात, टाक त्यांच्या हातातून सोडवून घ्यावा लागला."